चार फ्रेम मागे

या मित्रांनो, अशा जवळ सरकून बसा. माझा आवाज मोठा नाही, पण गोष्ट खरी आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी एक जुनी चक्री आहे. दिसायला तळहाताएवढी, काळी, मधोमध बोटाला खळगा असलेली. गाण्यांचे व्हिडिओ जिथे तपासले जातात, त्या खोलीतल्या टेबलावर मला बसवलं होतं. मला उजवीकडे फिरवलं की चित्र पुढे जाई, डावीकडे फिरवलं की मागे. एका सेकंदात पंचवीस चित्रं, म्हणजे फ्रेम. त्यातली एकेक मी मोजून दाखवायची. माझ्या शेजारी एक पांढरं बटण होतं. ते दाबलं, की पडद्यावर धुरकट चौकोन उमटायचा आणि खालचं सगळं झाकलं जायचं.

आमच्या ताई मला चालवत. वाहिनीवर गाणं लागण्याआधी त्यात मुलाबाळांसमोर दाखवू नये असं काही आहे का, हे त्या बघत. भिंतीवर सतरा नियमांचा कागद चिकटवलेला होता. खांदा चालेल, पाठ अर्धी चालेल. बेंबीवरून आमच्या विभागाच्या साहेबांच्या समितीत दोन वर्षं वाद चालला होता आणि तो अजून मिटलेला नाही. सगळ्यांत खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'शंका आली की झाका.' त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना झाकणसाहेब म्हणत.

हे काम वाईट नव्हतं, बरं का. एका गाण्यात बाईला केस धरून फरफटत नेत होते आणि बाकीचे हसत नाचत होते. ताईंनी ते अख्खं कापलं, तेव्हा मी मनापासून फिरले. आईबापांची कौतुकाची पत्रं यायची. ताई ती वाचायच्या आणि डबा उघडायच्या. जेवताना त्या निरूपण ऐकायच्या, गात गात सांगितलेलं. त्यातलं एक वाक्य माझ्याही अंगात मुरलं, 'आपल्या डोळ्यातलं कुसळ दुसऱ्याच्या पदराला पुसू नये.'

तरी चूक झालीच.

त्या दिवशी एकोणीस गाणी होती. चौदाव्या गाण्यात एक मुलगी नाचत होती. अंगावर मोत्यांच्या माळा, आणि टेबलावरच्या छोट्या पडद्यावर बघताना माळांखाली काहीच नाही असं वाटलं. ताईंनी मला थांबवलं, भिंतीवरची शेवटची ओळ आठवली आणि पांढरं बटण दाबलं. मला मागे फिरवलंच नाही. गाणं पुढे गेलं आणि घराघरांत लागलं.

दोन महिन्यांनी एक तरुण बाई हातात कापडी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. तीच ती नाचणारी. एरवी ती लहान मुलींना नाच शिकवायची. तिने पिशवीतून ब्लाउज काढून टेबलावर पसरला. गळाबंद, मनगटापर्यंत बाह्या, रंग मात्र हुबेहूब तिच्या अंगासारखा.

"ताई, हा घातला होता मी. उकडून निघाले होते! आणि तुम्ही झाकलंत काय?"

ताईंनी ब्लाउजची बाही बोटांत धरून बघितली.

"माझ्याकडे एकवीस मुली यायच्या. आता चार येतात, त्यातल्या दोघी माझ्या भाच्या. आया म्हणतात, झाकलंय म्हणजे काहीतरी असणारच की."

साहेब आवाज ऐकून आत आले. "हे बघा, झालं ते झालं. आता चौकोन काढला तर लोक म्हणतील, यांनी उघडं सोडलं."

"आणि ठेवला तर?" ताईंनी विचारलं.

"ठेवला तर कुणी काही विचारत नाही."

"मला विचारतात ना, साहेब!" ती म्हणाली. "भाजी घ्यायला गेले तरी विचारतात."

ताईंनी गाणं लावलं, चौकोन बाजूला केला आणि मला डावीकडे फिरवलं. एक फ्रेम, दोन, तीन, चार. तिथे तिचा हात वर गेलेला होता आणि मनगटावर बाहीची शिवण स्पष्ट दिसत होती.

"साहेब, चष्मा लावा. ही काय आहे?"

साहेबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "शिवणच आहे. पण चूक समितीची, असं मी लिहून देणार नाही."

"नका देऊ. बटण माझ्या बोटानं दाबलंय."

ताईंनी कागद ओढला आणि लिहिलं, 'तिथे झाकण्यासारखं काही नव्हतं. बघण्यात माझी चूक झाली.' खाली सही केली. आठवडाभर गाणं विनाचौकोन लागलं आणि आधी ते वाक्य वाचून दाखवलं गेलं. त्यानंतर ताईंना टपालाच्या टेबलावर बसवलं. मला त्यांच्याशिवाय कुणी नीट चालवेना. मग नवा संगणक आला आणि माझी रवानगी कपाटात, तुटलेल्या हेडफोनांच्या शेजारी झाली.

मुली सगळ्या परतल्या नाहीत. अकरा आल्या. टपाल द्यायला वर आल्या की ताई कपाट उघडतात, पदराने मला पुसतात आणि सांगतात, "आज आणखी एक आली गं."

मित्रांनो, झाकावं लागतं तिथे जरूर झाकावं. पण झाकण्याआधी नीट बघावं, आणि चुकलं तर स्वतःच्या नावाने कबूल करावं. माझं एवढंच मागणं आहे. पुन्हा कधी पडद्यावर धुरकट चौकोन दिसला, तर त्याच्या आत मनाने काही रंगवू नका. त्याआधी मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज पिशवीत घालून जिने चढत आलेल्या त्या नाचाच्या बाईंची आठवण काढा.