डब्यातली पाच कार्डं

समानार्थी इंग्रजी शब्दांचा मराठी कोश जिथे तयार होत होता, त्या कचेरीत एकच नियम कडक होता: शब्दाचं कार्ड खोलीबाहेर न्यायचं नाही. आणि बावीस वर्षं तो नियम पाळणाऱ्या कोशकाकांनी शनिवारी पाच कार्डं जेवणाच्या डब्यात घालून गुपचूप घरी नेली होती.

ओपनली, पब्लिकली, फ्रँकली, ओव्हर्टली, ब्लेटंटली. पाचांपुढेही त्यांनी 'उघडपणे' एवढंच लिहिलं होतं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली होती. घरी डोकं खाजवता खाजवता पब्लिकलीला 'चारचौघांत' सापडलं, फ्रँकलीला 'मनमोकळेपणाने'. ब्लेटंटलीला 'राजरोस' घ्यावं की 'धडधडीत', यावर गाडी अडली; दोन्ही त्यांनी प्रश्नचिन्ह टाकून कार्डावर लिहून ठेवले.

"उशीखाली काय लपवताय?" बायकोने विचारलं.

सांगावंच लागलं. ती पोट धरून हसली. "असले शब्द, आणि आणलेत चोरून?"

सोमवारी डबा काखेत धरून काका कचेरीत शिरले, तर कार्डं सांभाळणाऱ्या ताई जमिनीवर बसलेल्या आणि भोवती सगळे खण पालथे.

"अख्खा गट गेलाय, ताई," संपादक म्हणत होते. "असं असेल तर पुढच्या खंडाला मला दुसरं माणूस बघावं लागेल."

"मी खण उघडा टाकून कधी गेलेय का, सर?" ताईंचा आवाज बारीक झाला होता. मग त्या काकांकडे वळल्या. "काका, जरा कपाट सरकवता? मागे पडली असतील."

काका कपाटामागे गेले. जागा अंधारी, कुणाचं लक्ष नाही. डब्याचं झाकण त्यांनी सैल केलं. कार्डं इथे टाकली की काम फत्ते. पण मग ती सापडणार कपाटामागे, आणि हलगर्जीपणा ठरणार ताईंचा. आपल्याच्याने हे जमणार नाही, असं त्यांना वाटलं. कार्डं टाकणं जमणार नाही की खरं सांगणं, ते मात्र क्षणभर कळेना.

ते बाहेर आले आणि डबा संपादकांच्या टेबलावर उघडा ठेवला.

"मी नेली होती, सर. शब्द सुटत नव्हते."

फ्रँकलीच्या कार्डावर तेलाचा डाग पडला होता. संपादकांनी पाचही कार्डं सावकाश वाचली. मग चष्मा पुसला, स्वतःची पिशवी उघडली आणि आतून तीन कार्डं काढून डब्याशेजारी ठेवली.

"उदास या अर्थाचा गट," ते पुटपुटले. "मलाही सुटत नव्हता."

ताई उठल्या. "म्हणजे दोन महिने मी ज्याच्यासाठी कपाटं उपसतेय, तो हाच?"

संपादक पुन्हा चष्मा पुसू लागले.

"छान. आता तुम्ही दोघांनी मिळून हे खण लावायचे. मी चहा घेऊन येते. माझ्यापुरता."

संपादक आणि काका मुकाट्याने जमिनीवर बसले.

"ब्लेटंटलीला धडधडीतच घ्या," थोड्या वेळाने संपादक हळूच म्हणाले.

काकांनी 'राजरोस' खोडलं. ओपनलीच्या कार्डावर उदाहरणाची ओळ अजून कोरी होती. तिथे त्यांनी लिहिलं, 'तिने दोघांनाही उघडपणे झापलं.'

चहाचा कप घेऊन ताई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि वाकून वाचू लागल्या.

"हे राहू द्या," त्या म्हणाल्या. "आणि तो डबा घासून ठेवा, काका. वास मारतोय."