मी हवेत उचललो गेलो नव्हतो

मी एक जुना लोखंडी पलंग आहे, मित्रांनो. एका बंद खोलीत मी आपोआप हवेत उचललो गेलो, असे तुमच्या कानावर आले असेल, तर त्या खोलीत काय घडले तेही ऐका.

मला एका वेल्डरने बनवले. उरलेल्या नळ्या जोडून, वर हिरवा रंग देऊन त्याने मला आपल्या लेकीसाठी घरी आणले. एक पाय किंचित आखूड राहिला. त्याखाली त्याने पुठ्ठ्याची घडी सरकवली. "पोटच्या पोरीसाठीच काम कच्चं?" बायको म्हणाली, आणि तो हसला. लेक झोपेतही बोलायची, म्हणून सगळे तिला बडबडी म्हणत. माझ्यावर बसून तिने अभ्यास केला, आईशी भांडणे केली, पुढे शिवणकामाच्या कारखान्यातून दमून आली की माझ्यावरच अंग टाकू लागली. माझे कौतुक कोणी केले नाही, पण चादर नेहमी स्वच्छ असायची. पलंगाला आणखी काय हवे असते?

मग एका हिवाळ्यात तिची झोप उडाली. ती भिंतीला कान लावून बसू लागली. "आत कोणीतरी माझं नाव पुटपुटतंय," म्हणायची. तोंड वाकडे व्हायचे, अंग धनुष्यासारखे ताणले जायचे, घशातून घोगरा, अनोळखी आवाज यायचा. मी आतून पोकळ. तिचे कण्हणे माझ्या नळ्यांत घुमायचे, आणि पलीकडच्या खोलीतल्यांना वाटायचे, आत दोघे बोलत आहेत. खोटे कशाला सांगू, मलाही भीती वाटायची.

वेल्डरने प्रार्थनाघरातल्या गुरूंना बोलावले. मृदू बोलणारे गृहस्थ होते, आणि स्वतःच्या शब्दावर त्यांचा पुरा विश्वास होता. त्यांनी भरदुपारी पडदे ओढायला लावले, चादर फाडून तिचे हातपाय माझ्या दांड्यांना बांधले. "अन्नपाणी बंद. आतला उपाशी पडला की आपण होऊन निघेल," ते म्हणाले. मग तिच्यावर वाकून विचारू लागले, "तू सैतान आहेस ना?"

"सैतान," घोगरा आवाज म्हणाला.

"एकटा नाहीस. बरोबर आणखी आहेत ना?"

"आहेत."

दाराबाहेर जमलेल्यांच्या अंगावर काटा आला. उत्तर दर वेळी प्रश्नातच होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दुपारी झटका एवढा मोठा आला की पुठ्ठा निसटला आणि माझा आखूड पाय फरशीवर धडधडू लागला. वेल्डर दारातून मागे सरकला. "पलंग उचलला गेला," तो म्हणाला. "खाली उजेड दिसला मला." तो पाय त्याने स्वतः कापला होता. बाकीचे तीन पाय जागचे हललेही नव्हते, मित्रांनो.

त्यानंतर बडबडी गप्प होत गेली. ओठांची साले निघाली. तिचे वजन मला जाणवेनासे झाले. गुरू म्हणाले, "तो हरतोय."

ते जेवायला गेले असताना आई आत आली. तीन दिवस तीही दाराबाहेर हात जोडून बसली होती. माझ्या कडेला टेकून तिने विचारले, "कोण आहेस तू?"

"सैतान."

आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग दमून आलेल्या पाहुण्याला विचारावे तशी म्हणाली, "सैतानाचे पाय दुखतात का रे?"

बांधलेला पाय दांडीवर किंचित घासला. मग, "दुखतात."

"कुठे?"

"घोट्याला. पट्टी रुततेय."

आईने पट्टी सोडली, तर कातडीही तिच्याबरोबर निघाली. ती पाय चोळू लागली, तसा तो आवाज खाली येत येत अगदी लहान झाला. "आई, तहान लागलीय गं."

वेल्डर धावत आला. "पाणी नको. केलेलं सगळं वाया जाईल. बांध तिला."

"आधी तिला पाजते," आई म्हणाली. "मग हवं तर मला बांधा."

तो तसाच उभा राहिला. तिचे पाणी पिऊन झाल्यावर त्याने लेकीला उचलले, आणि ती केवढी हलकी झाली आहे हे कळताच तिला घेऊन मटकन खाली बसला.

हॉस्पिटलात नेल्यावर तिच्या मेंदूला सूज असल्याचे कळले. बडबडी वाचली, पण घरी यायला तिला उन्हाळा उजाडला. सुईत दोरा ओवताना हात अजून कापतो. माझ्यावर ती पुन्हा झोपली नाही. जमिनीवर गादी टाकून, माझ्याकडे पाठ करून झोपायची.

गुरू म्हणाले, "भूत मी काढलं. डॉक्टरांनी नुसतं अंग दुरुस्त केलं." वेल्डरने मान डोलावली. भूत नव्हतेच, तर आपण पोरीला काय केले, हा प्रश्न त्याला सोसणारा नव्हता. त्याने मला प्रार्थनाघराला देऊन टाकले.

आता माझा फार मान आहे. लोक माझ्याजवळ हळू आवाजात बोलतात, गंजलेल्या दांडीवरून हात फिरवतात, लांबलांबून आजारी माणसे आणतात. चादरीच्या पट्ट्या गेल्या, चामड्याचे पट्टे आले. मी हलावे म्हणून सगळे माझ्या पायांकडे बघत बसतात.

आत्ता माझ्यावर कोणाची तरी सून बांधली आहे. सकाळपासून ती एकच शब्द पुटपुटते आहे, आणि प्रार्थनेच्या आवाजात तो कोणाला ऐकू जात नाही. तिची आई बाहेर बाकावर हात जोडून बसली आहे. मित्रांनो, माझ्या पायांकडे बघू नका. कोणीतरी जा, आणि तिच्या आईला आत बोलवा.