वाक्य शोधणारी वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, कागद आणि पुठ्ठा नसलेली. सरोवराकाठच्या बुकोबा गावाच्या वरच्या अंगाला, केळीच्या बागेतल्या एका घरात, टेबलावरच्या संगणकात मी राहते. माझ्या पानावरच्या एखाद्या शब्दावर टिचकी मारली की त्याचे दुसरे पान उघडते. मला घडवले जस्टाने, आपल्या वडिलांसाठी. फॉस्टिन र्वेगासिरा हे त्यांचे नाव. शाळेत ते शेतकी शिकवत. नोकरी संपल्यावर ते हातपाय गाळून बसतील अशी तिला धास्ती होती.

पण मास्तर बसणाऱ्यांतले नव्हते. रोज बागेत जाऊन येत आणि मला सारे सांगत. कोणत्या केळीचा कोंब कुजला, कॉफीला फूल कधी आले, सरोवरावरून वारा कसा सुटला. केळीवर रोग पसरला तेव्हा शेजारी विचारायला दारात येत आणि मास्तर माझ्यातून उत्तर काढून देत. "हिच्या पोटात सगळी बाग आहे," असे ते म्हणत, तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग त्यांची पत्नी केमिलेम्बे वारली. तिला बागेतच पुरले. त्या दिवसापासून मास्तरांनी मला उघडले नाही. घरात माणूस होते, पण आवाज नव्हता. चुलीवर एकट्यापुरती केळी शिजायची आणि तीही अर्धी उरायची.

वर्ष भरल्यावरच्या प्रार्थनेसाठी जस्टा सरोवरापलीकडच्या म्वांझाहून बोटीने आली. थडग्यावर सिमेंट घालायचे होते आणि गवंड्याला त्यावर कोरायचे शब्द हवे होते. मास्तरांनी केमिलेम्बेचेच वाक्य ठरवले होते: ऊन आहे तोवर चालत राहा.

"आई असं कधी बोलली, बाबा?" जस्टा म्हणाली. "हे तर तुमच्या वर्गातलं वाटतं."

"बोलली. मी लिहून ठेवलंय," मास्तर म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांनी मला उघडले.

मी शोधू लागले. पण मला सुटे शब्दच ओळखता येत. ऊन म्हटले की ऊन असलेले प्रत्येक पान, चालत म्हटले की चालत असलेले. निम्मी बाग मी त्यांच्यापुढे ओतली. मास्तर डोळे चोळत पाने चाळत राहिले. मला लाज वाटली.

मग जस्टाने खुर्ची ओढली. कोणता शब्द कोणत्या पानावर, एवढेच माझी जुनी सूची सांगे. कोणामागे कोण येतो ते तिला ठाऊक नसे. 'जरा', 'तर' असले बारके शब्द तर ती बिनकामाचे म्हणून गाळूनच टाकी. जस्टाने प्रत्येक शब्दाची जागा लक्षात ठेवणारी नवी सूची बसवली आणि गाळलेले शब्द परत घेतले. आता अवतरणचिन्हांत लिहिलेले वाक्य मला जसेच्या तसे, त्याच क्रमाने शोधता येऊ लागले.

मास्तरांनी आपले वाक्य लिहिले. मी सगळी पाने पाहिली. ते माझ्यात कुठेच नव्हते. मित्रांनो, एकट्या माणसाला 'सापडले नाही' असे सांगण्याइतके अवघड काम मी दुसरे केलेले नाही.

मास्तरांनी तेच वाक्य पुन्हा लिहून पाहिले. मग जस्टाने स्वतःच लिहिले, "बसा जरा, ऊन आहे."

पाने येऊ लागली. पहिले मास्तरांनी मोठ्याने वाचले: खालच्या बांधाकडे निघालो. ती म्हणाली, बसा जरा, ऊन आहे. बसलो नाही. दुसरे पान कॉफीच्या फुलोऱ्याचे होते. तिथेही ती तेच म्हणाली होती आणि मास्तर बसले नव्हते. तिसरे त्यांनी मनातच वाचले.

"ती मला हेच म्हणायची?"

"रोज. आणि मी घरी असले की तुमचा गार झालेला चहा मला प्यावा लागायचा."

मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

थडग्यावर तेच शब्द कोरले आहेत. शेजारी मास्तरांनी एक बाक करून घेतला. दुपारी ते तिथे बसतात, फोनवर जस्टाशी बोलतात, वाटेने कोणी जात असेल तर त्यालाही बसवून घेतात. माझ्याकडे क्वचितच येतात. मी इथे टेबलावर बंद असते आणि दिवसचे दिवस मला कोणी काही विचारत नाही. खूप एकटे वाटते, पण मास्तरांवर माझा राग नाही.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. घरातल्या माणसाने बसायला सांगितले तर बसा. माझ्यात काय, नंतरही लिहिता येते.