जांभळाचे डेरे

हैदराबादेत मुशी नदीला पूर आला, त्याच्या दुसऱ्या वर्षी चकलांब्याकडच्या गावांचा आबकारीचा गुत्ता, म्हणजे दारू विकायचा मक्ता, एका नव्या माणसाकडे गेला. हा गुत्तेदार दारूत पाणी घालायचा, आणि कुणी घरी भट्टी लावली की धुराच्या वासावर शिपाई धाडायचा. त्यामुळे गहिनीनाथ पाटलाची फार पंचाईत झाली. बाप वारल्यावर पाटीलकी त्याच्याकडे आली होती, शेती गडी बघत होते, आणि त्याचा दिवस उजाडायचा तोच मुळी संध्याकाळच्या बैठकीसाठी.

बैठकीला तिघे असायचे. बद्रीनाथ गावातला दुकानदार, कुणाची कशी जिरवायची ते त्याला बरोबर सुचायचं. आसाराम हा गहिनीनाथचा चुलतभाऊ. बोलायचा कमी, पण गावात त्याच्या शब्दाला मान होता, कारण तो कधी खोटं बोललेला कुणाला आठवत नव्हतं. तिसरा सटवा धनगर. लहानपणी हे चौघं एकाच ओढ्यात पोहले होते. मोठे झाल्यावर तिघे ओट्यावर बसायला लागले आणि सटवा ओट्याच्या पायरीवर. सटव्याला त्याचं काही वाटत नसे. गावातल्या बाकीच्या धनगरांना तर पायरीही मिळत नव्हती.

"घरीच करू," एकदा आसाराम म्हणाला. "भट्टी न्हाई लावायची. माझ्या मामाच्या गावी जांभळाची मुरवतात. जांभळं, गूळ आन् बाभळीची साल. डेऱ्यात भरायचं, तोंड बांधायचं, उबेला ठिवायचं. जाळ न्हाई, धूर न्हाई."

"आन् वास?" बद्रीनाथने विचारलं.

"आपलं पेव हाय की," गहिनीनाथ म्हणाला.

गोठ्यामागे पांढरीच्या मातीत खोदलेलं जुनं पेव होतं. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढा पोकळ घेर, दोन पुरुष खोल. पूर्वी त्यात ज्वारी भरायचे. आता ते रिकामंच होतं आणि तोंडावर दगडाची चीप बसवलेली होती. गुत्तेदाराचे शिपाई घराची कौलं उपसतील, पण जमिनीच्या पोटात कोण नाक घालणार?

मृगाच्या पाण्यानंतर ओढ्याकाठची जांभळं पिकली. झाडावर सटवा चढला. खाली तिघांनी धोतर ताणून धरलं. जांभळाचं लाकूड ठिसूळ, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, म्हणून सटवा जाड फांदीवर बसून हलवत होता.

"बे सट्या, शेंड्याला बघ कसली टपोरी हायत," बद्रीनाथ ओरडला. "चढ की वर. का बायकूनं जपून यायला सांगितलंय?"

सटवा वर चढला. फांदी काडकन मोडली आणि तो फांदीसकट खाली आला. त्याचा कोपर सोलून निघाला. तिघे पोट धरधरून हसले. सटवाही हसला. मग त्याच हाताने त्याने सगळी जांभळं टोपल्यात भरून गोठ्यात आणली आणि चौघांनी मिळून ती परातीत चुरली. आसाराम साल कुटत होता, बद्रीनाथने दुकानातला गूळ आणला होता, गहिनीनाथ मांडीपर्यंत धोतर खोचून गडगड हसत बिया वेगळ्या करत होता. त्या दिवशी खरोखरच मजा आली. चौघांचेही हात सारखेच जांभळे झाले, आणि सटव्याने ते एकमेकांशेजारी धरून पाहिले.

तीन डेरे पेवात उतरवायचे होते. सटवा दोराने खाली गेला, वरून सोडलेले डेरे त्याने एकेक करून भिंतीकडेला कडब्यावर बसवले. शेवटचा डेरा बसवून तो दोर धरायला आला, तर दोर वर ओढून घेतलेला.

"पाटील, दोर टाका की."

उत्तराऐवजी चीप सरकली आणि वरचा उजेड मिटला. ही युक्ती बद्रीनाथची. तिघे चिपेवर बसून पान खात राहिले. आधी खालून हसणं आलं, मग हाका, मग नुसतं रडणं. आसाराम म्हणाला, "बास झालं आता." गहिनीनाथ म्हणाला, "थांब रे, कसा म्हशीवानी हंबरतोय ते ऐक." आसाराम थांबला.

सटवा वर आला तेव्हा त्याच्या तोंडाला माती लागलेली होती आणि धोतर ओलं होतं. बद्रीनाथने ते सगळ्यांना दाखवलं.

घरी त्याच्या बायकोने, कडूबाईने, धोतर पाहिलं. ती काही खुळी नव्हती. "त्येंच्यात कावून जाता तुमी?" ती म्हणाली. "त्येंला हसाया कुणीतरी लागतंय, म्हणून बोलवत्यात."

"तुला काय कळतंय? दोस्तांत चालतंच आसलं," सटवा म्हणाला. "आमी चौघं मिळून जांभळाची करतोय. कुणाला बोलू नगंस. पाटील म्हणला, आखाडात पयला पेला सटव्याला."

त्याच्या बोलण्यात इतका आनंद होता, की कडूबाईने विषय सोडून दिला.

आखाड संपत आला. गहिनीनाथचा मेहुणा परळीहून आला म्हणून बेत ठरला. बोकड सटव्याने आपल्या कळपातला दिला. आपल्या वाट्याचा म्हणून त्याने तो हौसेनं दिला आणि स्वतःच कापून सोलूनही ठेवला. दुपार कलली तसा मटणाचा वास सुटला. मेहुणा माडीवर तक्क्याला टेकून बसला होता आणि दोनदा त्याने खाली निरोप पाठवला होता, की नुसत्या गप्पांवरच भागवणार की काय.

चौघे गोठ्यामागे आले. चीप सरकवली. आतून आंबूस, गोड, डोक्यात जाणारा वास वर आला. आसारामने कंदील दोराला बांधून खाली सोडला. निम्म्यापर्यंत तो नीट जळत होता. आणखी खाली गेला तशी वात एकदम बसली आणि विझली.

"हवा खराब हाय," आसाराम म्हणाला. "पेव उघडं ऱ्हाऊ द्या. उद्या काढू."

"उद्या? आन् आज पाव्हण्याला काय ताक पाजू?" गहिनीनाथ चिडला. "वाऱ्यानं इझला आसंल. सट्या, उतर."

सटव्याने आसारामकडे पाहिलं. "दिवा इझला की, पाटील."

"दिवा इझला, तू कुठं इझलास?" बद्रीनाथ म्हणाला. "का मागच्यावानी मुतायचं भ्या वाटतंय? सांग, दुसरं धोतर आणून ठिवतो."

गहिनीनाथ हसला. सटव्याचं तोंड लाल झालं. त्याने पुन्हा एकदा आसारामकडे पाहिलं. आसाराम विझलेल्या कंदिलाची काच पुसत होता. सटव्याने पागोटं काढून ठेवलं, दोर धरला आणि उतरला.

एकच दोर होता. तो माणसाला तरी बांधायचा, नाहीतर डेऱ्याला तरी. सटवा तळाला टेकला, त्याने दोर सोडला, वाकून पहिल्या डेऱ्याच्या गळ्याला फास घातला. "ओढा," तो म्हणाला. डेरा वर आला. तोंडाचं फडकं सोडून गहिनीनाथने बोट बुडवलं, चाखलं, आणि त्याचे डोळे चमकले.

"पाटील," खालून आवाज आला. "डोकं गरगरतंय. मला घ्या वर."

"दुसरा बांध आदी."

"छातीत कसंतरीच हुतंय, पाटील."

"बांध म्हणतो ना! एकासाठी किती येळा दोर सोडायचा?"

दोर खाली गेला. बराच वेळ तो नुसताच हलत होता. सटवा वाकत होता, उठत होता, पुन्हा वाकत होता. शेवटी फास बसला आणि दुसरा डेराही वर आला. मग आसारामने घाईने दोर पुन्हा सोडला. "सटवा, धर. तिसरा ऱ्हाऊ दे. तूच धर."

दोर कुणी धरला नाही.

"सोंग करतोय," बद्रीनाथ म्हणाला. "मागचं उट्टं काढतोय आपलं." त्याने मातीचं एक ढेकूळ उचलून खाली मारलं. ते मऊ कशावर तरी पडल्याचा आवाज आला. गहिनीनाथनेही एक मारलं. "ऊठ बे, लई झालं!" दोघे हसत होते. आसाराम पालथा पडून पेवाच्या तोंडातून आत बघत होता. अंधाराला डोळे सरावले तेव्हा त्याला दिसलं, सटवा उरलेल्या डेऱ्याला मिठी मारल्यासारखा पडला होता आणि त्याच्या पाठीवर ढेकळं फुटलेली होती.

"मी उतरतो," आसाराम म्हणाला.

गहिनीनाथने त्याचा दंड पकडला. "तूबी मरशील. लिंबाचा डहाळा आण, हवा हलवू." डहाळे आणले, दोराला बांधून वरखाली केले, बादल्यांनी पाणी ओतलं. मधेच माडीवरून मेहुण्याची हाक आली. गहिनीनाथने थोडा विचार केला, एक डेरा उचलला आणि तो आत घेऊन गेला. पाहुण्याला पेला भरून देऊन, दोन शब्द बोलून तो परत आला, तेव्हा त्याच्या मिशीला जांभळं लागलेलं होतं.

दिवा तळापर्यंत जळत गेला तेव्हा सूर्य बुडायला आला होता. आसाराम उतरला. सटवा गार पडला होता.

प्रेत कडब्यावर ठेवून तिघे बसले. बद्रीनाथच पहिल्यांदा बोलला. "ऐका. ह्यो चोरून मुरवत होता. पाटलाच्या रिकाम्या पेवात, पाटलाला न कळता. आज काढाय उतरला आन् गुदमरला. खालचा डेरा तसाच ऱ्हाऊ द्या, ठाण्यातला अमीन आला की दावता यील. हाताला तर त्याच्या जांभळं लागलेलंच हाय."

"आरं, त्यो आपला..." आसारामला पुढचा शब्द काढता येईना.

"आपला काय?" गहिनीनाथ म्हणाला. "साल कुणी कुटली? कसं मुरवायचं ते कुणी सांगितलं? आमीनाला खरं सांगायचं तर पयलं नाव तुझंच येतंय, आसाराम. बेड्या घालून बीडला नेतील. सांगतोस?"

आसारामने सटव्याचं पागोटं उचलून प्रेताच्या उशाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून अमीन आला. त्याने पेवात डोकावून पाहिलं, डेरा काढून घेतला, मेलेल्याचे हात पाहिले आणि पंचनामा केला. मेलेल्यावर खटला चालत नाही, तेवढं बरं, असं म्हणून तो जेवायला बसला. गावात दुपारपर्यंत झालं, की सटव्या धनगर पाटलाच्या पेवात दारू चोरून करत होता आणि देवानेच त्याला तिथं गाठलं.

कडूबाई रडली नाही. माती झाल्यावर ती तडक आसारामच्या शेतात गेली. तो नांगर धरून उभा होता, नांगरत नव्हता.

"आसारामदादा," ती म्हणाली, "त्या दोघांला मी काय इचारत न्हाई. त्येंच्या बोलण्यावर माझा भरवसा न्हाई. तुमी कवा खोटं बोलला न्हाई, म्हणून आले. हे मला म्हणले होते, आमी चौघं दोस्त मिळून करतोय. पाटील पयला पेला मला देणार हाय. खरं हाय का?"

आसाराम वाकून नांगराच्या फाळाला लागलेली माती काढू लागला.

"नारायणगडाची आण घिऊन सांगा. तुमी सांगाल ते मी मानीन. पुन्हा कुणाला इचारणार न्हाई."

बैल शेपट्या हलवत होते. आसारामला बेड्या दिसल्या, बायको दिसली, गहिनीनाथचे डोळे दिसले. त्याने हात गडावरच्या देवळाच्या दिशेने केला.

"नारायणगडाची आण," तो म्हणाला. "आमाला काय ठावं नव्हतं, वैनी. त्यो एकटाच करत होता."

कडूबाई तिथेच खाली बसली.

"म्हंजी मलाबी खोटं बोलले," ती म्हणाली. "किती हौसनं सांगत होते. दोस्त म्हणले, पेला म्हणले. आन् कुणी नव्हतंच." तिने पदराने तोंड पुसलं. आता मात्र ती रडत होती, आणि ते रडणं मेलेल्या माणसासाठी नव्हतं. "मी उगंच तुमच्यावर संशव घेतला, दादा. राग धरू नका."

तशीच ती उठली आणि पाटलाच्या दाराशी गेली. ओट्यावर गहिनीनाथ आणि बद्रीनाथ बसले होते. तिला येताना पाहून बद्रीनाथ उठून उभा राहिला. पण कडूबाई पायरीजवळ थांबली, वाकली आणि तिने पायरीवर डोकं टेकवलं.

"मालक, माझ्या माणसानं तुमच्या घराला बट्टा लावला. तुमच्या पेवात त्यो मेला, तुमाला आमीनाम्होरं उभं ऱ्हावं लागलं. त्याची चूक पोटात घाला. आमची मेंढरं गावाच्या रानातनं हाकलू नका."

गहिनीनाथने बद्रीनाथकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा सैल झाला.

"जाऊ दे, कडूबाई," तो मायेने म्हणाला. "माणूस म्हणलं की चुकतंय. मी मनात काय ठिवलं न्हाई." त्याने गड्याला हाक मारून तिच्या पदरात पायलीभर ज्वारी घालायला सांगितली.

कडूबाईने पदर पसरला.