अंबूबाईच्या श्वासाएवढी जागा

नंदाचं वाजवणं गेलं हे कळलं, तो एकादशीचा आदला दिवस होता. नंदा जाऊन आठ महिने झाले होते, ते मला ठाऊकच होतं. हे नवीन होतं.

वडिवळ्याच्या आमच्या पडवीत भजनाच्या सात बाया दुपारी बसल्या होत्या. मी कीबोर्डला पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं. पहिली ओळ नीट झाली. दुसऱ्या ओळीला अंबूबाईला खोकल्याची उबळ आली, चौघी पुढं निघून गेल्या, कोमल मागं राहिली आणि कुणाचा टाळ कुठं पडतोय ते कळेना.

"सोपानभाऊ, बंद करा ते," अंबूबाई म्हणाली. "ही नंदा न्हाई. हा कोण घाईचा माणूस आणलाय?"

"नंदाच हाय. तिच्याच पेनड्राइव्हवर हाय."

"मंग मला मागं टाकून पळाली कशी?"

ते सांगायचं तर आधीपासून सांगावं लागेल. नंदा, माझी बायको, तीस वर्षं या बायांची पेटी वाजवायची. भाता मारून खांदा धरायला लागला, तेव्हा लोणावळ्यातल्या एका हॉटेलानं विकायला काढलेला कीबोर्ड मी आणला. त्याला रेकॉर्डचं बटण होतं. नंदानं अकरा भजनं त्यात वाजवून ठेवली. म्हणाली, "मी माहेरी गेले तर बायांची अडचण नको."

ती गेल्यावर बाया त्यावरच म्हणत होत्या. पण अंबूबाईचा आवाज आता वर पोचेना. म्हणून गेल्या आठवड्यात मी पेनड्राइव्ह घेऊन कामशेतला ताजुद्दीनकडं गेलो. तो लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, आणि दुकानात कॉम्प्युटर ठेवून गाण्यांची कामंही करतो.

"हे दोन पट्ट्या खाली आण," मी म्हणालो. "पर आवाज घोगरा व्हईल का? टेप सावकाश फिरवल्यागत?"

ताजुद्दीन हसला. "आबा, यात आवाजच नाही. ही मिडी फाईल आहे. मावशींनी कुठली पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात आणि कधी सोडली, एवढंच यात लिहिलंय. आवाज वाजवणाऱ्या मशीनचा."

मी एकतीस वर्षं लोणावळ्याला रेल्वेत पॉइंट्समन होतो, गाड्यांचे रूळ बदलायचो. म्हणालो, "म्हंजे टाइमटेबल. गाडी त्यात नसती."

"बरोबर! आणि त्या टायमाला कुठलीही गाडी सोडता येते."

त्यानं सोडून दाखवली. नंदाचं भजन आधी सनईत वाजलं, मग ट्रम्पेटवर. मग त्यानं तेच तबल्याला लावलं, तर माळ्यावरनं भांडी पडल्यासारखा आवाज आला. मी हसलो. खूप दिवसांनी हसलो. ताजुद्दीन म्हणाला, अकरा भजनं मिळून तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोएवढीही नाहीत. तेवढं मात्र मला आवडलं नाही.

दोन पट्ट्यांचं काम चुटकीसरशी झालं. मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. पण म्हणालो, "मधी मधी ती लेट व्हती. दर कडव्याला थांबती. तेवढं टायमात आण."

नंदाला मी कायम चिडवायचो, तुझी गाडी आजबी लेट. ती म्हणायची, "सिग्नल मिळाल्याबिगर कशी सोडू?" मला वाटायचं, माझ्या नोकरीची थट्टा करते.

ताजुद्दीननं सगळे सूर ठोक्याला आणून बसवले. "जुनी फाईल ठेवू का वेगळी?"

"नको. त्याच नावावर हे टाक. दोन दोन असल्या की मी चुकीची लावीन."

हे सगळं मी पडवीत सांगितलं. अंबूबाई माझ्याकडं बघत राहिली.

"मला दमा हाय, भाऊ. दुसऱ्या ओळीआधी श्वास घ्यावा लागतो. नंदा माझ्या तोंडाकडं बघायची. मी मान हलवली की म्होरं जायची. तुमाला काय वाटलं, तिला येत न्हवतं?"

मला तेच वाटलं होतं.

एकादशीला बायांनी नुसत्या टाळांवर भजन केलं. दुसऱ्या दिवशी अंबूबाईला रिक्षात घालून कामशेतला नेलं. कॉम्प्युटरवर नंदाचा एकेक सूर म्हणजे एकेक आडवी पट्टी, खाचरांसारख्या लांब-आखूड. माऊसनं धरून कुठंही सरकवता येतात. अंबूबाई म्हणायची, श्वासाला थांबायची, आणि ताजुद्दीन पुढचे सूर तेवढे लांब न्यायचा. पहिल्यांदा त्यानं केसभर सरकवलं.

"लेका, बांध सरकवल्यागत सरकव की," अंबूबाई म्हणाली. "हितं कोण मोजणी आणत न्हाई."

त्यानं सरकवलं. मी म्हणालो, "हे जास्ती झालं. नंदा एवढी थांबत न्हवती."

"तवा माझा श्वास लवकर यायचा. आज ती असती तर आजच्याएवढी थांबली असती का न्हाई?"

"थांबली असती."

"मंग? बसा खाली. पोरा, टाक."

चार गुरुवार गेलो. अंबूबाईनं त्या दुकानात दहा भजनं म्हटली, ताजुद्दीनचे तीन चहा सांडले, आणि चौथ्या गुरुवारी त्याला विचारलं की हे यंत्र खोकला काढून टाकतं का. त्यानंतरच्या एकादशीला पडवीत पहिल्या भजनाची पहिली ओळ संपली. कीबोर्ड थांबला. अंबूबाईनं श्वास घेतला, सवयीनं कीबोर्डकडं मान हलवली, आणि सातही जणी एकदम दुसऱ्या ओळीवर आल्या.

अकरावं भजन अंबूबाई म्हणत नाही. ते नंदा घरी एकटीच वाजवायची, सकाळी. त्यातही ती एके ठिकाणी थांबायची. मी तिथंच चहा पीत असायचो आणि लेट म्हणायचो. ताजुद्दीननं दोनदा विचारलं, "आबा, कुठं सरकवू?" कुठल्या सुरापाशी, ते मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

ते भजन अजून ठोक्याला सरळच आहे.