मार्सेल्सचा टोप

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! मी सांगायचं थोडाच थांबणार आहे?

मी एक जुना बिडाचा टोप आहे. रंगाने काळा, अंगाने जाड, आणि झाकण असं वजनदार की ते ठेवल्याच्या आवाजाने शेजारच्या घरातलं मांजर दचकतं. माझा जन्म फ्रान्सचा. लढाईतून निवृत्त झालेली एक तोफ वितळवून मला ओतलं. मार्सेल्स बंदरातल्या खानावळीत मी अशी कोंबडी शिजवायचो की बोटी नुसत्या वासावर बंदराला लागायच्या. दीपगृहाच्या माणसाला काही कामच उरलं नव्हतं.

तिथे मला व्हॅलेंटाईनने पाहिलं. हा ठाण्याच्या बाळकुम गावचा, मालवाहू बोटीवरचा आचारी. तो मला घेऊन निघाला. वाटेत एडनजवळ वादळ झालं, मी समुद्रात पडलो आणि एका शार्कने मला गिळलं. पण बीड पचवणं सोपं नाही. पोट दुखून बेजार झाला, तेव्हा तो बिचारा स्वतःच बोटीमागे पोहत आला आणि मला परत करून गेला. व्हॅलेंटाईनने त्याचे आभारसुद्धा मानले.

बाळकुमला पोचलो तेव्हा मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला होतो. त्या कागदावर काय छापलं होतं ते मला विचारू नका. आत अंधार होता, अंधारात कोणी वाचतं का?

व्हॅलेंटाईनच्या बायकोने, गर्ट्रूडने, मला सोडवलं. कागदाकडे जरा वेळ बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

"लय लांबून आणलास रे," एवढंच ती म्हणाली आणि कागद चुलीत घातला.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. व्हॅलेंटाईन सुट्टीवर आला की रविवारी चर्चहून येताना कोंबडी आणायचा. आधी माझ्या पोटात लोणी वितळायचं. त्यात कोंबडीचे तुकडे तांबूस व्हायचे, मग छोटे सोललेले कांदे, ठेचलेला लसूण. त्यावर तो पांढरी वाईन ओतायचा, तेव्हा मी असा चर्र करायचो की अंगणातली पोरं दाराशी गोळा व्हायची. फ्रान्समध्ये त्यात कसलीशी पानं घालतात म्हणे. ती इथे कुठली मिळायला? मग परसातल्या ओव्याची दोन पानं. झाकणाच्या कडेला कणीक लावायची, आच बारीक करायची आणि वाट बघायची. शेवटी वाटीभर साय.

आता एक गुपित. व्हॅलेंटाईन हात धुवायला विहिरीवर गेला की गर्ट्रूड हळूच झाकण उचकटायची आणि उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला आपला लाल मसाला चिमूटभर आत सोडायची. कणीक पुन्हा लिंपून मोकळी. जेवताना व्हॅलेंटाईन बोटं चाटत म्हणायचा, "बघ गर्ट्रूड, ही खरी फ्रान्सची चव! हिंदुस्थानात कोणाला जमायची नाय!"

"नायच जमायची," गर्ट्रूड म्हणायची. मग तो पाहुण्यांना शार्कची गोष्ट सांगायला घ्यायचा, आणि तीसुद्धा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायची.

पुढे व्हॅलेंटाईन गेला. अंगण गेलं, विहीर गेली, तिथे उंच इमारत उभी राहिली. आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो. आता घरातली शेगडी काचेची. तिला ओरखडा पडेल म्हणून मला गॅलरीत ठेवलं. माझ्यात आधी बटाटे राहिले, मग कपड्यांचे चिमटे, मग नुसती धूळ. माझ्या अंगावर गंज चढला. एकटी गर्ट्रूड कुंडीतल्या ओव्याला पाणी घालायला यायची, तेव्हा जाता जाता माझ्यावरून हात फिरवायची.

गेल्या रविवारी तिच्या मुलाने, डिनोने, आपल्या मित्राला घरी आणलं. त्याचं नाव सलिल. डोंबिवलीत फ्रेंच कॅफे काढतोय. मला बघून त्याचे डोळे चमकले.

"असली फ्रेंच आहे ना रे? नायतर लोक येडा बनवतील मला."

"हंड्रेड परसेंट! पपांनी मार्सेल्सहून आणलेला. शार्कने गिळलेला याला."

"भारी! दारातच टांगतो. तळाला दोन भोकं पाडली की पाणी निथळेल, आत मनी प्लांट लावू."

भोकं! मित्रांनो, बिडाला गंज चढला तर तो घासून निघतो. कोणी वर्षानुवर्षं विसरलं तरी एकदा तेल चोळून तापवलं की आम्ही पुन्हा उभे राहतो. पण तळाला भोक पडलेल्या टोपात कोंबडी कधीच शिजत नाही. तुमच्या घरात असं जुनं भांडं असेल तर त्याला शोभेला टांगू नका. चुलीवर चढवा हो. आम्हाला कौतुक नको, आच हवी.

सलिल मला कवेत घेऊन दाराशी पोचला आणि समोरून गर्ट्रूड चर्चहून आली.

"कुठं चालवलास त्याला?"

"काकी, तळाला दोन भोकं पाडून कॅफेत टांगतो. एवढा फ्रान्सचा पीस, गॅलरीत सडतोय."

गर्ट्रूडने माझ्याकडे पाहिलं. मग ती दारातच हसत सुटली.

"फ्रान्सचा? अरे, कल्याणच्या बाजारातला टोप हाय तो! याचा पपा बोटीवरनं आला तो हात हलवत. फ्रान्सचा टोप आणतो म्हणून कबूल केलेलं ना मला! ठाण्यात घेतला असता तर टेंभी नाक्यावर कोणीतरी बघितलं असतं, म्हणून गेला कल्याणला. आणि गुंडाळला कशात, तर त्याच दिवसाच्या मराठी पेपरात!"

सलिलने मला हळूच खाली ठेवलं.

"ममी, मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?" डिनोने विचारलं.

"त्याला सांगायला आवडायचं, मला ऐकायला. आता काय त्यापायी भोकं पाडून घेऊ त्याच्या टोपाला?" तिने पदर खोचला, खोबरेल तेलाची बाटली काढली आणि तिथेच बसून माझं अंग चोळायला लागली. "जा, कोंबडी घेऊन ये. वाईन पण आण. ओवा आहे घरात."

डिनो चपला घालता घालता थांबला. "म्हणजे शार्कचंपण खोटं?"

"शार्क!" गर्ट्रूडने माझ्यावर टकटक केलं. "अरे, समुद्राचं सोड. या टोपानं बाळकुमची खाडी पण बघितली नाय अजून!"