पंपापासून घरापर्यंत

टाकीचं काळं झाकण त्याच्या तळहातावर होतं, झाकणाच्या आतल्या कडेला पेट्रोलचा एक थेंब लोंबत होता आणि तो पडतो की नाही हे तो इतकं मन लावून बघत होता, की पंपावरचा माणूस दुसऱ्यांदा म्हणाला, "झिरो बघून घ्या साहेब," तेव्हा त्याने मान डोलावली आणि झिरोकडे न बघता मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. असणारच नव्हतं... सकाळी बायको बसने जाते, चष्म्याच्या दुकानात, आणि संध्याकाळी तेवढं तो तिला घेऊन येतो. तरी पंपावर आलं की मागे बघायचं, झाकण फिरवलं की बघायचं, सीट आपटली की पुन्हा बघायचं. जित्याची खोड म्हणावी तर ही काही जन्माची नव्हे. दीड वर्षापूर्वी लागलेली.

घरात ती गोष्ट हसण्याची आहे. येईल त्या पाहुण्याला बायको सांगते, चहाचा कप हातात देतादेताच. "नवीनच घेतली होती स्कूटर. पंपावर दोघं उतरलो, सीटखालीच टाकी, उतरावंच लागतं. मी गेले कोपऱ्यातल्या नळावर पाणी प्यायला, येऊन बघते तर हे पसार. पर्स डिकीत, फोन पर्समध्ये. मी आले तासभर रस्ता तुडवत. आणि कहर म्हणजे, हे म्हणे घरापर्यंत माझ्याशी बोलत होते." पाहुणे हसतात. मग त्यातला एक जण हटकून विचारतो, एवढं काय बोलत होतात हो? आणि तो म्हणतो, "भाजीचे भाव." पाहुणे आणखी हसतात. ती मात्र दर वेळी अर्धा क्षण जास्त बघते त्याच्याकडे. की तसं आपल्यालाच वाटतं? वाटत असेल. खाई त्याला खवखवे.

त्या दिवशी सीट नीट बसली नव्हती, पंपावरच्या माणसाने मागून ती दाबली आणि तो धक्का त्याला बायको बसल्याचा वाटला. तशी ती किरकोळच, आई गेल्यापासून तर अंगावर मूठभर मांस राहिलं नव्हतं. हेल्मेटमध्ये स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता, पुढे रस्ता होता, तिचे डोळे नव्हते... तोंडावर जे बोलता येत नाही ते स्कूटरवर बोलता येतं, कारण तोंड भलतीकडे असतं. आणि तो बोलला. उड्डाणपुलावर सुरुवात केली ती घर येईपर्यंत. बदलीचा हुकूम वरून आला नव्हता—मीच अर्ज केला होता. तुझी आई अंथरुणाला खिळलेली, तू तिच्या उशाशी, आणि मी ऑफिसात नकाशे बाजूला सारून चार ओळी खरडल्या आणि घरी येऊन कपाळाला हात लावला. काय करणार, नोकरी म्हटली की जावं लागतं. तू रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तुला बरं वाटावं म्हणून स्कूटरचं आमिष दाखवलं, लहान मुलाला दाखवतात तसं. आईला भावाच्या हवाली करून तू माझ्यामागे या शहरात आलीस, चौथ्या महिन्यात ती गेली, आणि तू पोचलीस तेव्हा खाट रिकामी होती.

सासू वाईट असती तर बरं झालं असतं. अकरा वर्षं तिच्या घरात राहिला, तिने कधी वाकडा शब्द काढला नाही. फक्त दार कुरकुरलं की आतल्या खोलीतून विचारायची, "कोण, जावईबापू का?" चपला हातात घेऊन आलं तरी. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी कोणी पळतं का? कोणाला सांगितलं तर हसेल. पण अकरा वर्षं घरात शिरताना आपण कोण ते सांगावं लागलं... आणि आता इथे, जिन्याखाली, स्कूटर स्टँडवर चढवताना ती कुरकुरते आणि तो तसाच वाकलेला थांबतो, वरच्या अंधाराकडे कान देऊन. कोणी विचारत नाही. कधीकधी तोच पुटपुटतो, हो, मीच.

दुपारी ऑफिसात, एका नाल्याची रेघ अर्धी ओढलेली असताना, फोन वाजला. जुन्या ऑफिसचे हेडक्लार्क. डोळा दाखवायला शहरात आलेत, आज जेवायलाच येतो म्हणाले. "वहिनींना किती वर्षांनी भेटणार. त्यांना सांगतोच, तुमच्या नवऱ्याने माझ्या टेबलाशी ठाण मांडलं होतं, आजच्या आज अर्ज वर पाठवा म्हणून. मी म्हटलं, अहो जावईबापू, एवढी कसली घाई?" आणि ते मनापासून हसले. भला माणूस. पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. म्हणजे आज रात्री आठला, ताटावर बसल्याबसल्या... रेघ वाकडी गेली. त्याने ती खोडली, पुन्हा ओढली, पुन्हा खोडली. आधी आपण सांगायचं. त्यांच्या आधी. दुकानापासून घरापर्यंत वीस मिनिटं.

ती दुकानाबाहेर उभी होती, हातात हेल्मेट. "कोण येणार म्हणालात? हेडक्लार्क? मग भात जास्त लावायला हवा," म्हणत ती मागे बसली. त्याने मागे हात नेऊन तिचा गुडघा चाचपला. "आहे हो," ती म्हणाली, नेहमीसारखी. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला, उड्डाणपूल आला तसा गेला. सांगायचं ते सगळं तयार होतं, एकदा बोलून झालेलं होतं, पण तेव्हा जे घडाघडा आलं त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना. शेवटी तिसऱ्या सिग्नलला, लाल आकडा ऐंशीवर असताना, तो काच वर करून म्हणाला, "बदली मी मागून घेतली होती. हुकूम नव्हता आला."

शेजारची बस घरघरत होती. आकडा उतरत होता.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

सत्तर. एकोणसत्तर. त्याने मान वळवली नाही, आरशातही बघितलं नाही.

"त्या दिवशी हेच बोलत होतात?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. हिशेबाला न लागणारी वस्तू अचानक सापडावी तशी ती बोलत होती. "पंपापासून घरापर्यंत?"

"हो."

"मग मी चालत घरी आले, तेव्हा का नाही सांगितलंत?"

या प्रश्नाची त्याने तयारी केली नव्हती. दीड वर्षं तो एकाच गोष्टीला भीत आला होता, आणि ती ही नव्हती. कारण घरी पोचून त्याने मागे वळून बघितलं होतं, सीट रिकामी होती, आणि पहिल्यांदा मनात आलं ते 'कुठे पडली?' नव्हतं, 'कशी येईल?' नव्हतं. सुटलो—असं आलं होतं. आणि मग तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिला होता. किल्ली हातात, टाकी भरलेली, पंप दहा मिनिटांवर. तासभर. ती अनोळखी शहरात रस्ता विचारत चालत होती आणि तो... किती हलकं वाटलं होतं तेव्हा.

"मी... मी तुला शोधायला निघालोच होतो," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला हेल्मेटबाहेरून, लांबून ऐकू आला.

मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. "हिरवा झाला," ती म्हणाली, "चला." त्याने ॲक्सिलरेटर पिळला. तिचा हात खांद्यावर होता, नेहमीच्याच जागी, त्यातलं बोट न् बोट त्याला वेगळं कळत होतं. मागे ती होती, पुरती होती, श्वास घेत होती, उत्तराची वाट बघत होती; आणि ती या घडीला मागे नसावी असं त्याला आतून, अगदी आतून वाटलं, आणि ते वाटणं त्याने लगेच ओळखलं.